ठसे वाचणारा मिस्त्री

मिस्त्रीच्या घरात एकसष्ट सुऱ्या होत्या आणि कांदा कापायला एकही नव्हती. कांदा तो बुक्की मारून फोडायचा. दुधाची पिशवी दातानं उघडायचा. लिंबू हवं असलं की अख्खं लिंबू घेऊन खालच्या मजल्यावर जायचा आणि दोन फोडी घेऊन वर यायचा. खालच्या बाई एकदा वैतागून म्हणाल्या, "काका, घरात एवढी हत्यारं ठेवलीत, आणि लिंबू कापायला माझ्याकडे?" तर हा म्हणतो, "बाई, ती कापायची नाहीत. वाचायची आहेत."

त्या बाईंनी मग मला जिन्यात गाठलं. "तुम्ही त्यांचे मित्र ना? डोकं ठीक आहे ना त्यांचं?"

मी म्हटलं, "नाही. पण कुणाला चावत नाही."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पनवेलहून सून फोनवर म्हणाली, बाबा, रोज मिस्त्रीकाकांचं काहीतरी सांगता, त्यापेक्षा वहीत लिहा. म्हणून लिहितोय. गोड लिहायला मला जमत नाही, ते आधीच सांगतो.

मोहोपाड्याला केमिकलच्या कारखान्यात आम्ही दोघं होतो. तो टूलरूमचा मिस्त्री, मी हेल्पर. त्याला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. मॅनेजर पण मिस्त्री म्हणायचा आणि कँटीनवाला पण. गळ्यात बुटाची नाडी, आणि नाडीला सोनाराकडे असतं तसलं एका डोळ्याचं भिंग. आंघोळ करतानाही ते काढत नसेल असा माझा अंदाज. लग्न केलं नाही. का केलं नाही विचारलं तर सांगायचा, "मुलगी बघाया गेलो होतो रं. पोह्याच्या बशीखाली काय लिवलंय म्हणून बशी उलटी केली. पोहे मांडीवर. तितंच मोडलं."

हे खरं असणार. कारण ज्याच्यावर ठसा आहे अशी कुठलीही वस्तू हातात आली की तो ती उलटी करायचाच. नट, बोल्ट, कुलूप, कंदील, दुसऱ्याच्या हातातलं घड्याळ. आमच्या गावात एका लग्नात मी त्याला जेवायला नेला. आमच्याकडे लग्नाला घराघरातून भांडी गोळा करतात आणि भांड्यांवर बायकांची नावं घातलेली असतात. ह्यानं वरणाचा रिकामा टोप उलटा केला, भिंग लावलं आणि भर मांडवात मोठ्यांदा वाचलं, "हा तर थोरल्या जावेच्या आईनं दिलेला हाय. वरनं दुसरं नाव मारलंय बगा. आधीचं घासलंय, पण दिसतंय." वरचं नाव जिचं, ती धाकटी जाऊ तिथंच वाढत होती. तिच्या हातातला पळा तिथंच थांबला. त्या दोघी जावा आजही एकमेकींशी बोलत नाहीत. मिस्त्रीला त्याचं काही नाही. "मी वाचलं. भांडा असं कुठं म्हणालो?"

त्याच्या सुऱ्यांबद्दल सांगितलं पाहिजे. ह्या काही भाजीच्या सुऱ्या नव्हत्या. परदेशातले लोक रानात, डोंगरात हिंडतात, विमानवाले असतात, मिलिटरीवाले असतात, माणूस कुठं एकटा अडकला तर जीव वाचवायला कमरेला असावी अशी ती सुरी. जाड पातं, काहींच्या पाठीला करवतीसारखे दात. काहींची मूठ पोकळ, आत काडेपेटी, मासे धरायचा गळ, सुई-दोरा. मिस्त्री त्यांना 'जीववाली' म्हणायचा. पहिली जीववाली त्याला खोपोलीला भंगारात मिळाली, मुंबईहून मोडीत निघालेल्या कसल्यातरी सामानात. मग डोंगर चढायला येणाऱ्या पोरांकडून मिळाल्या. पुढे मोबाईल आल्यावर तर लोक लांब लांबून फोटो पाठवायचे, मिस्त्री, ही कधीची? हा पैसा घ्यायचा नाही, पण फोटो हलला असेल तर शिव्या घालायचा.

कशावरून ओळखायचा, ते मी शेजारी बसून इतकं ऐकलं की मलाही थोडं कळायला लागलं. आधी नख. पात्यावरच्या अक्षरावरून नख हळूच फिरवायचं. जुना ठसा घाव घालून मारलेला असतो, त्याची कड नखाला लागते. नवा असला तर मशीननं नुसता लिहिलेला, नख घसरून जातं. मग देश. एकाच घडणीची सुरी, पण आधीच्या मालावर जपान असतं, नंतरच्यावर तैवान, त्याच्या नंतरच्यावर चीन. मग नंबर आहे का, असला तर किती आकडी. मग म्यान, म्यानाचं बटण, शिवणीचा दोरा. सगळं झालं की एक चिठ्ठी लिहायचा आणि दोऱ्यानं मुठीला बांधायचा. ठसा, देश, साल, प्रकार आणि शेवटी कुणाची. 'कुणाची'समोर बहुतेक वेळा रेघ असायची. "ते पोलादावर लिवलेलं नसतं," म्हणायचा.

आणि एक गोष्ट. सुरी घासायची नाही. गंज असला तरी नाही, काळी पडली तरी नाही. "घासली की मेली." हे वाक्य तो दिवसातून चार वेळा बोलायचा, आणि आमच्या टूलरूममध्ये ग्राइंडर चालू झाला की त्याचं तोंड कडू व्हायचं. नोकरी ग्राइंडरची आणि राग ग्राइंडरचा, असला माणूस.

रिटायर झाल्यावर त्यानं शेलूला नवीन बिल्डिंगीत एका खोलीचा फ्लॅट घेतला. तिथल्या वॉचमननं बघितलं की म्हातारा खोक्यातून सुऱ्याच सुऱ्या वर नेतोय. दुसऱ्या दिवशी एक हवालदार आला. मी तिथंच होतो. मिस्त्रीनं त्याला बसवलं, भिंग त्याच्या डोळ्याला लावलं आणि पहिल्या सुरीपासून सुरुवात केली. हवालदार जेवणाच्या आधी आला होता. सतराव्या सुरीपर्यंत तो काकुळतीला आला. म्हणाला, "काका, मला ड्युटी आहे." मिस्त्री म्हणाला, "पण अजून तैवान आलंच नाही!" परत कुणी आलं नाही तपासायला.

खोटं त्याला बोलता येत नव्हतं. म्हणजे ठशाबाबत. कर्जतजवळ एका मोठ्या माणसाचं फार्महाऊस आहे. त्यानं परदेशातून एक सुरी आणली होती, म्हणे लढाईत विमानातून पडलेल्या पायलटची. काचेच्या पेटीत, खाली मखमल. मिस्त्रीला त्यानं गाडी पाठवून बोलावलं, आणि मटण आहे म्हटल्यावर मीही गेलो. वीस-पंचवीस पाहुणे. मालक म्हणाला, "सांगा सगळ्यांना, किती जुनी आहे." मिस्त्रीनं नख फिरवलं. भिंग लावलं. मी त्याला कोपरानं डिवचलं, कारण त्याचा चेहरा मला कळला. मटणाचा वास येत होता.

"शेठ," मिस्त्री म्हणाला, "ही तुमच्या नातवाच्या वयाची हाय."

"अहो, कागद आहेत माझ्याकडे."

"मग कागद पेटीत ठिवा. ठसा मशीननं लिवलाय. लढाई झाली तवा ते मशीनच नव्हतं."

आम्हाला मटण मिळालं नाही. गाडीही मिळाली नाही. भर उन्हात कर्जत स्टेशनपर्यंत चालत आलो. वाटेत मी म्हटलं, "जेवल्यावर सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?" तर म्हणतो, "जेवल्यावर सांगाया लाज वाटली असती."

असा तो. आता माझ्या बायकोचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय मिस्त्री पुरा होत नाही.

माझी बायको ठाकुरवाडीची. तिचा बाप रेल्वेत चावीवाला होता, म्हणजे हातोडा आणि पाना घेऊन घाटातले रूळ तपासत रोज चालत जायचा. तिच्याकडे एक सुरी होती. जाडजूड, पाठीला दात, गोल लोखंडी मूठ, मुठीच्या बुडाला काळ्या बटणासारखं काहीतरी. आमच्या घरात फणस त्या सुरीनं फोडला, नारळ त्या सुरीनं फोडला, सुकट-बोंबील त्या सुरीनं साफ केले. आणि त्या सुरीवरून आमची चाळीस वर्षं भांडणं झाली.

तिची गोष्ट अशी. घाटात दरड आली, तिच्या बापानं लाल झेंडा घेऊन पळत जाऊन गाडी थांबवली. गाडीत मिलिटरीचा साहेब होता, त्यानं खूष होऊन कमरेची सुरी काढून दिली. आणि ती बापानं हिला लग्नात दिली.

मी म्हणायचो, "रुळात पडलेली उचलली असेल तुझ्या बापानं. खिडकीतनं कुणीतरी फेकलेली."

"माझा बा खोटं बोलत नव्हता."

"मग लग्नात मला कशी दिसली नाय गं ती? पाच भांडी दिसली. त्यातली दोन गळकी."

"तुमाला काय दिसतंय? तुमाला जेवणाचं ताट तेवडं दिसतंय."

त्या दिवशी कालवण तोंडात घालवत नसे, इतकं तिखट. पुरुषमाणसाला स्वयंपाकघरात कुठली वस्तू कधी आली हे माहीत नसतं, हे तिचं म्हणणं खरं होतं. पण मी हार कशाला मानतो?

एकदा दिवाळीत मला पुळका आला. सुरी काळी पडली होती, ती मी गुपचूप कारखान्यात नेली, मिस्त्री रजेवर होता, आणि ग्राइंडरवर चकचकीत करून आणली. वाटलं, खूष होईल. तिनं पात्याकडे बघितलंच नाही. सुरी उलटी करून बूड बघितलं, तिथं मी हात लावला नव्हता, मग एक लांब श्वास सोडला आणि दोन दिवस बोलली नाही.

दसऱ्याला आम्ही हत्यारं पुजतो. कोयता, फावडं, विळा, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू. ती सुरीही मांडायची. पण सगळ्यांच्या पात्याला हळद आणि सुरीच्या बुडाला. मी म्हणायचो, "अगं, लोकं तोंडाला हळद लावतात, तू ढुंगणाला काय लावतेस?" ती म्हणायची, "गप बसा. सणाचं तरी नीट बोला."

मिस्त्री आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं चहाची बशी उलटी केली आणि चहा धोतरावर. ती आतून म्हणाली, "भाऊजी, बशीखाली काय नाय लिवलेलं. चा प्या गप, निवतोय." त्याला ती आवडायची, तिलाही तो. पण तो येणार म्हटलं की ती सुरी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायची. मला वाटायचं, हा मागून नेईल म्हणून भिते. इतक्या वर्षांत त्यानं ती सुरी बघितली नाही.

गेल्या माघात ती गेली. चार दिवसांचा ताप, बस. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही. घरात दोन माणसं होती, एक राहिलं. भात मी करतो, तो एक दिवस कच्चा आणि एक दिवस करपलेला. भांडायला कोणी नाही. आणि भांडण अर्धं राहिलेलं. सुरी रॅकवर, आणि मी तिच्याकडे बघत जेवायचो. मला एकच गोष्ट खात होती. ती खरं बोलत असेल तर मी चाळीस वर्षं तिच्या मेलेल्या बापाला चोर ठरवला. तिची माफी मागायची राहिली. ती खोटं बोलत असेल तर मग प्रश्न नाही. पण आधी कळायला पाहिजे. आणि सुरीला विचारता येईल असा माणूस माझ्या ओळखीत एकच.

चैत्रात एक दिवस सुरी फडक्यात गुंडाळली, आमच्या खालापूरकडच्या गावातून टमटमनं कर्जतला आलो आणि तिथून शेलूला.

मिस्त्रीनं फडकं सोडलं आणि तो ओरडलाच. "कुणी घासली ही?"

"मी."

"खून केलास रं गड्या! कदी?"

"तू रजेवर असताना. आपल्याच ग्राइंडरवर."

त्यानं कपाळाला हात लावला. मग मी त्याला सगळं सांगितलं. बापाचं, साहेबाचं, लग्नाचं. मला काय पाहिजे तेही सांगितलं. तो शांत झाला. म्हणाला, "ठसा मारताना घाव वरच्या पोलादाला बसतो, तसा खालच्यालाबी बसतो. वरचं घासून गेलं तरी खालचं दबलेलं ऱ्हातं. बघू या."

त्यानं मोरीतून ॲसिडची बाटली आणली, खिडकी उघडली, कापसाचा बोळा काठीला लावला आणि पात्याच्या मुठीजवळच्या भागावर हळूहळू फिरवायला लागला. मला मागे सरक म्हणाला. तिखट वास सुटला. चकचकीत पातं काळवंडायला लागलं, आणि मग, खरं सांगतो, त्या काळ्यात अक्षरं वर आली. कुणीतरी पाण्याखालून वर यावं तशी. मिस्त्रीनं भिंग लावलं.

"टी... ए... आय. पुढचं पुसट हाय. एन. तैवान." त्यानं झटकन पुसलं, पाणी मारलं. मग बराच वेळ सुरी फिरवून बघत राहिला. दात मोजले. बुडाचं काळं बटण भिंगातून बघितलं. तिथं तो जरा जास्त थांबला. मग कपाटातून आणखी दोन सुऱ्या काढल्या आणि तिन्ही शेजारी ठेवल्या.

"तुमचं लगीन कदीचं?"

मी सांगितलं.

तो दोन्ही सुऱ्यांच्या चिठ्ठ्या परत वाचायला लागला. चुकलो तर बरं, अशा तोंडानं. मग म्हणाला, "ही घडण आधी जपानात निघाली. तैवानचा ठसा त्याच्या नंतरचा. तुजं लगीन झालं तवा ही सुरी जगात नव्हती. दोन-तीन वर्षांनी झाली असंल. लग्नात आली नाय ही."

"मग?"

"मग काय? वैनी खोटं बोलत हुत्या."

मीच विचारायला गेलो होतो. चाळीस वर्षं मी स्वतः हेच म्हणत होतो. पण दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकलं आणि मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "तुझ्या भिंगात घाल तुझं तोंड. बायको केली नाहीस तुला काय कळतंय?" सुरी ओढून घेतली आणि निघालो. तो मागून जिन्यात ओरडत होता, "अरं थांब, बूड बघू दे, बूड!" मला वाटलं, चेष्टा करतोय. खालच्या बाई दारात येऊन बघत होत्या. त्यांनाही मी दोन शब्द सुनावले, त्यांचा काही दोष नसताना.

महिनाभर फोन नाही. तो करायचा, मी उचलायचो नाही.

मग एका दुपारी आमच्या अंगणात टमटम थांबली आणि मिस्त्री उतरला. हातात बटर-टोस्टचा पुडा. आयुष्यात हा माणूस कुणाच्या घरी काही घेऊन गेलेला मी बघितला नव्हता. मी चहा केला. त्यानं कप उचलला, चहा बशीत ओतला आणि प्यायला. बशी उलटी केली नाही. तेव्हा मला कळलं की ह्याला खरंच वाईट वाटलंय.

"ठसा बरोबर वाचला रं मी," तो म्हणाला. "पुढचं कशाला बोललो काय म्हाईत. वैनींच्या हातचा चा पिलेला मानूस मी." मग खाकरून म्हणाला, "एक विचारू? सुरीच्या बुडाला हळद कशी?"

मी दसऱ्याचं सांगितलं. ढुंगणाचं पण सांगितलं. तो हसला नाही.

"ते बटन नाय. टोपण हाय ते. वर होकायंत्र असतं, त्याची काच काळी झालीय. हळदीखाली आटे दिसले मला. मूठ पोकळ हाय. तू उघडलं नायस कदी?"

आटे हा शब्द मी कारखान्यात तीस वर्षं ऐकला. हजार टोपणं फिरवली, पाइपांची, पंपांची. आणि माझ्या घरातल्या मुठीला आटे आहेत हे मला माहीत नव्हतं.

मी सुरी आणून दिली. त्यानं खिशातून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली, पकडीनं ओरखडा उठतो म्हणून, आणि टोपणाला गुंडाळून जोर लावायला बसला. जोर लावावाच लागला नाही. टोपण दोन बोटांनी फिरलं, लोण्यातून फिरावं तसं. मिस्त्री थांबला. करंगळी आट्यांवर फिरवून वास घेतला.

"गड्या," तो म्हणाला, "हे चाळीस वर्षं बंद नव्हतं. खोबरेल हाय. फार तर वर्साचं. हे कुणीतरी दर वर्साला उघडत हुतं."

त्यानं सुरी माझ्या हातात दिली. "मी नाय काढनार. तू काढ."

मी तळहातावर मूठ आपटली. कापसाचा एक बोळा पडला. त्याच्यात काळ्या मण्यांची मनगटी होती. तान्ह्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून बांधतात ती. एवढीशी. माझा अंगठा तिच्यात जेमतेम गेला असता.

आता लिहितो ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मिस्त्रीलाही नाही, मुलालाही नाही.

लग्नाला तीन वर्षं झाल्यावर ती पहिल्या बाळंतपणाला ठाकुरवाडीला गेली. मुलगी झाली. मी बारशाला जाऊ शकलो नाही, ड्युटी होती. नंतर जाऊन एकदाच बघितली, झोपलेली होती. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवतात आमच्याकडे, विळा किंवा सुरी. तिथं एक सुरी होती. होती, आता मला दिसते ती, गोधडीखालून मूठ बाहेर आलेली. तेव्हा मी कशाला बघतोय सुरीकडे? एकोणीस दिवस जगली पोरगी. मी बायकोला घरी आणायला गेलो तेव्हा रस्त्यात तिला सांगितलं, "झालं ते झालं. हा विषय आता घरात काढायचा नाय." कडक बोललो. मला वाटलं, हेच बरं तिला.

तिनं नाही काढला. एकदाही नाही. ती सुरी बापानं बाळंतपणात दिली असं म्हटलं असतं तर विषय निघाला असता. म्हणून लग्नात दिली म्हणाली. मी बापाची चेष्टा करायचो ती तिला चालत होती. मीच विषय बंद केला, आणि मीच तिला खोटारडी म्हणत बसलो.

हे मी मिस्त्रीला सांगितलं, असंच, तुटक तुटक. मी रडलो का, ते लिहीत नाही.

मग त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. प्रत्येक सुरीला बांधायचा तसली. गुडघ्यावर ठेवून लिहायला लागला. ठसा, लिहिलं. देश, लिहिलं. साल लिहिलं. प्रकाराशी थांबला. बाकीच्या एकसष्टही चिठ्ठ्यांवर तिथं इंग्रजी नावं आहेत. इथं त्यानं मराठीत लिहिलं, 'उशाची'. मग 'कुणाची'.

"साहेबानं दिली का रुळात गावली, ते मी सांगू शकत नाय," तो म्हणाला. "पोरीचं नाव काय ठेवलेलं?"

बारशाला मी नव्हतो, पण नाव मला माहीत होतं. चाळीस वर्षांत मी ते तोंडातून काढलं नव्हतं. ते सांगितलं. त्यानं लिहून घेतलं, दोरा ओवला आणि चिठ्ठी मुठीला बांधली. रेघ नाही मारली.

श्रावणात मिस्त्री गेला. झोपेतच, सुखात गेला म्हणायचं. खालच्या बाईंनीच दार उघडून घेतलं, दोन दिवस लिंबू कापायला आला नाही म्हणून. सुऱ्या त्याच्या पुतण्यानं नेल्या. भिंग मला दिलं, नाडीसकट. नाडी बदलायला सून सांगते. मी नाही बदलणार. कुणाच्या घरी गेलो तर हल्ली माझाही हात बशीकडे जातो, आवरावा लागतो.

परवा दसरा झाला. कोयता, फावडं, विळा, सगळं धुऊन पाटावर मांडलं. सून मुलांना घेऊन आली होती. तिनं हळदकुंकवाची वाटी माझ्या हातात दिली. मी आधी सुरीचं टोपण उघडलं, आट्यांवर खोबरेलाचे दोन थेंब सोडले, आतलं आत ठेवून टोपण परत लावलं. मग सगळ्यांना हळद लावत आलो आणि सुरीपाशी थांबलो.

सून म्हणाली, "बाबा, पात्याला लावतात ना?"

मी म्हटलं, "हिच्या इथं लावतात." आणि बुडाला लावली.